दाजींच्या फोनमधले पूल

आमच्या घरात कुणाचा मोबाइल अडला, बँकेचा मेसेज समजला नाही किंवा ऑनलाइन अर्ज भरायचा असला की काम माझ्याकडे येतं. घरातला पहिला पदवीधर मी. आता जळगावात शाळेवर शिक्षक आहे, पिंप्राळ्यात राहतो, म्हणून मला सगळं येतं असा सगळ्यांचा समज आहे. त्या उन्हाळ्यात आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, अक्काला माहेरी न्यायला मी सावद्याला गेलो, तेव्हा दाजींनी चहा यायच्या आधीच फोन माझ्या हातात ठेवला.

"मास्तर, हा भरला म्हनतो. नवा फोटो काढू देत नई. जरा साफ करून दे."

"काय ठेवू आणि काय काढू?"

"पोरींचे ठेव. बाकी बठ्ठा कचरा हाय," असं म्हणून ते अंघोळीला गेले.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. ट्रक चालवतात. रावेर-सावद्याकडची हिरवी केळी भरायची आणि पंजाब, जम्मू, कधी थेट काश्मीरपर्यंत न्यायची. मी धुळ्याला कॉलेजात होतो तेव्हा ते सुरतेच्या खेपा करायचे. धुळ्याच्या बाहेर हायवेवर गाडी उभी करून मला बोलवायचे. अक्काने बांधून दिलेल्या भाकरी, ठेचा आणि केळीची एखादी फणी हातात द्यायचे. "अभ्यास कर, नाहीतर माझ्या शेजारी किन्नर म्हणून बसशील," असं हसत सांगायचे आणि निघून जायचे. किन्नर म्हणजे ट्रकवरचा क्लीनर. माझं शिक्षण पुरं झालं त्यात त्या भाकरींचा वाटा आहे. हे मी आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच माणसाबद्दल आहे.

मी फोटो उघडले. आधी दोन्ही भाच्यांचे, मग ताडपत्री झाकलेल्या मालाचे. नंतर पूल सुरू झाले. लोखंडी पूल, सिमेंटचे पूल, बोगद्याचं तोंड, त्यापुढचा पोलीस नाका. सगळे गाडीच्या काचेतून काढलेले. काहींत वायपर दिसत होता. आणि मग हिरव्या लष्करी गाड्या. एकामागे एक उभ्या, ताडपत्र्या बांधलेल्या, एका फोटोत तर बाजूला बंदूक घेऊन उभा असलेला जवानही. मी खाली खाली जात राहिलो तरी त्या गाड्या संपेनात.

फोटो कुठे पाठवले ते पाहिलं. एक ग्रुप होता. त्यात एका नंबरवरून आवाजी निरोप आलेले. मी फोन कानाशी धरला.

"भाई, कानवाई कितनी लंबी है? पूल के इस तरफ है कि उस तरफ? फोटो डालो."

कानवाई म्हणजे लष्कराच्या गाड्यांचा ताफा. त्याला दाजींचं उत्तर होतं, त्यांच्या मोडक्या हिंदीत, आणि खाली फोटो.

मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. मी फोन पालथा घातला आणि पुन्हा उचलला, कारण पालथा ठेवला तर मी काहीतरी पाहिलं हे त्यांना कळेल असं वाटलं. ते दिवसच तसे होते. सीमेवर तणाव होता. संध्याकाळी टीव्ही लावला की लढाईच. पेपरात कुठल्या कुठल्या गावच्या साध्या माणसांच्या बातम्या येत होत्या, की हा फोटो पाठवताना सापडला, तो माहिती देताना सापडला. शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही त्या मोठ्याने वाचायचो. अशा माणसांना भर चौकात फटके दिले पाहिजेत, असं आमच्यातलं कुणीतरी रोज म्हणायचं. मीही मान हलवायचो.

जेवताना दाजी समोर बसले. आमरसाची वाटी माझ्याकडे सरकवली.

"काबरं रे, जेवत नई? शाळेत पोरं मारतात का तुले?"

भाच्या हसल्या. मीही हसलो.

"केला साफ फोन?"

"थोडा केला. बाकी नंतर करतो."

मी एकही फोटो काढलेला नव्हता. काढले असते तर पुरावा नष्ट केला असं झालं असतं, आणि ठेवले म्हणजे मी पाहून गप्प बसलो असं झालं असतं. घास चावताना डोक्यात एवढंच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अक्का आणि भाच्यांना घेऊन निघालो. जळगावहून आमच्या गावाची, दोंडाईच्याची गाडी धरली. रेल्वे पोलिसातला एक जवान आमच्या समोरच्या बाकावर येऊन बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. धाकट्या भाचीने त्याला आपणहून सांगितलं, "आमचे पप्पा ना, मिलिटरीवाल्यांच्या गावाला गाडी नेतात." तो म्हणाला, "हो का?" आणि कौतुकाने तिच्याकडे पाहू लागला. मी तिला खिडकीकडे बसवलं, बाहेर काहीच नसताना हरणं दाखवली. अमळनेर येईपर्यंत माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

घरी आई होती, लिंबाला झोका बांधलेला होता. गल्लीतल्या माहेरवाशिणी जमल्या होत्या. अक्का झोक्यावर बसली, पण दोन हेलकावे घेऊन उतरली आणि मी ओट्यावर बसलो होतो तिथे आली. सासरी ती सावद्याचं बोलते, आमच्या दारात आली की आमचं.

"भाऊ, तू मनासंगे बोलत नही. काय व्हयनं?"

"काही नाही."

"मना मालकनी तुले काही सांगं का?"

तिच्या आवाजात असं काही होतं की मला राहवलं नाही. मी तिला आत नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. पूल, बोगदे, गाड्या, तो आवाज. तिने मला एकदाही थांबवलं नाही. मग खाली बसली.

"फोन वाजना की त्या बाहेर जातस," ती दाजींबद्दल म्हणाली. "आंगनमा, पार गोठाजोडे. माले वाटे, कोणी बाई शे."

बाहेर बायका हसत होत्या. आईने कुणाला तरी पाणी द्यायला सांगितलं.

"बाई ऱ्हाती तं बरं व्हतं रे भाऊ," अक्का म्हणाली.

तोवर मला भीती होती ती माझी एकट्याची. आता तिच्या चेहऱ्यावर पाहिली आणि ती खरी झाली. पोलीस सावद्यात दाराशी आले तर गल्ली काय म्हणेल, भाच्यांना शाळेत काय म्हणतील, तिचं पुढे कसं होईल, हे ती एकेक करून बोलली नाही. दाजी तेव्हा पुन्हा वाटेत होते, पंजाबात. त्यांचा फोन आला की ती मुलींच्या हातात द्यायची.

खेप उरकून दाजी त्यांना न्यायला आले. जावई आले म्हणून आईने पुरणाचे मांडे केले. जेवण झाल्यावर दुपारी गल्ली झोपली, तेव्हा आम्ही तिघं गोठ्यात बसलो. मी कशी सुरुवात करावी याचा विचार करत होतो. अक्काने विचार केला नाही.

"तुम्ही मिलिटरीना फोटो कोनले धाडतस?"

दाजींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग हसायला लागले.

"हे होय? तरीच मास्तर त्या दिवशी आमरस पिईना." त्यांनी तंबाखू मळायला घेतली. "अरे बापा, वर मिलिटरीची कानवाई निघाली की आपल्या गाड्या थांबवतात. कधी दिवसभर. आपल्याजवळ हिरवी केळी. खाली मैदानात उभं राह्यलं तं उन्हानं गाडीतच पिवळी पडतात. मग वरचा व्यापारी हात लावत नई. म्हणून जो पुढं असंल त्यानं मागच्यांना सांगायचं. कानवाई कुठी हाय, रस्ता कवा सुटंल. आम्ही लिहिणारे नई, फोटो टाकतो. बठ्ठ्या केळीवाल्यांचा ग्रुप हाय तो."

"आणि बाहेर जाऊन काबरं बोलतस?" अक्काने विचारलं.

"घरात रेंज कुठी हाय? तूच म्हणतेस ना पत्र्याखाली फोन लागत नई म्हणून."

अक्काने पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय ते मला कळलं नाही. माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की मीही उगाच हसलो. दाजींनी मला चिडवायला घेतलं. "मास्तर, मी हेर असतो तं असा फाटका शर्ट घातला असता का?"

खरं तर तिथेच थांबायचं. पण माझ्या कानात तो आवाज राहिला होता. मी विचारलं, "तो सारखा विचारतो तो कोण? पूल के इस तरफ म्हणणारा?"

"तो वरचा पार्टीवाला हाय कोनी. माल घेनारा."

"तुम्ही त्याच्याकडे माल उतरवलाय?"

"मी नई. रावेरवाला उतरवत असंल."

"विचारा त्यांना."

दाजींनी तंबाखू तशीच हातात धरून फोन लावला, मोठ्या आवाजावर. रावेरचे ड्रायव्हर म्हणाले, "आपला नाही बा तो. तुमचाच ना? तुम्हीच आणला असंल ग्रुपात." दाजींनी फैजपूरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, बऱ्हाणपूरवाल्याचा असेल. बऱ्हाणपूरवाला हिंदीत म्हणाला, "भैया, हम तो समझे आपका सेठ है."

केळीच्या धंद्यात असंच चालतं. ग्रुपात नवा नंबर दिसला की तो कुणाच्या तरी पार्टीचा असणार, आणि दुसऱ्याची पार्टी कोण हे विचारणं म्हणजे त्याचं गिऱ्हाईक फोडायला बघणं. म्हणून कुणी कुणाला विचारत नाही. सगळ्यांनी मिळून, इतके दिवस, कुणाच्याच नसलेल्या माणसाला रस्ता सांगितला होता.

दाजींच्या हातातली तंबाखू खाली पडली. त्यांनी ती पाहिलीही नाही. फोन त्यांनी जमिनीवर ठेवला आणि हात मागे घेतला.

"मी ग्रुप सोडतो," ते म्हणाले. "बठ्ठे फोटो काढून टाक, मास्तर."

"काढून काही होत नाही. त्याच्याकडे गेलेले आहेत."

"मग?"

"धुळ्याला जाऊ. पोलिसांच्या मोठ्या साहेबांच्या ऑफिसात. आपणहून सांगू."

"आत टाकतीन मले." ते हे अगदी हळू म्हणाले. मग, "तू शिकेल हाय. तूच सांग. टाकतीन का नई?"

मला माहीत नव्हतं. मी इतिहास शिकवतो. पण ते माझ्याकडे असे पाहत होते की जणू मी वकील आहे. अक्का उठली आणि साडी नीट करू लागली. "मी बी येस संगे," ती म्हणाली. भाच्यांना आईजवळ ठेवून आम्ही बस धरली.

धुळं जवळ आलं. ज्या रस्त्यावर दाजी मला भाकरी द्यायला थांबायचे, तिथून मी त्यांना पोलिसांकडे घेऊन चाललो होतो. माझा सल्ला चुकला तर या माणसाच्या मुली माझ्यामुळे बापाशिवाय राहतील, हे एकच वाक्य माझ्या मनात पुन्हा पुन्हा येत होतं.

ऑफिसात आम्हाला बराच वेळ बाकावर बसवलं. मग एका अधिकाऱ्याने आत घेतलं. साध्या कपड्यांतला, शांत बोलणारा. त्याच्या शांतपणाचीच जास्त भीती वाटली. दाजींनी सांगितलं, अडलं तिथे मी सांगितलं. तो प्रत्येक फोटो बोटाने मोठा करून पाहत होता. 

"तुम्ही याला कधी पाहिलंय?"

"नई साहेब."

"पैसे घेतलेत?"

"नई."

तेवढ्यात टेबलावरचा दाजींचा फोन वाजला. निरोप होता. अधिकाऱ्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"भाई, आज गाड़ी कहाँ है? ऊपर का कुछ बताओ."

तोच आवाज. गोड, घाई नसलेला. अक्काने माझा दंड धरला. अधिकाऱ्याने फोन फिरवून दाजींच्या पुढे सरकवला.

"उत्तर द्या. रोज बोलता तसंच."

दाजींनी फोन तोंडाजवळ नेला. पुन्हा खाली घेतला. अधिकाऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. ते प्यायले आणि म्हणाले, "अभी लोड नहीं हुआ भाईसाब. घर पे है." 'घर पे है' म्हणताच त्यांनी फोन झटकन टेबलावर ठेवला, कारण घर आहे हे त्या माणसाला आपण सांगितलं, असं त्यांना वाटलं. हे त्यांनी मला परतताना बसमध्ये सांगितलं.

होय, परतताना. त्यांना सोडलं. फोन ठेवून घेतला, बोलावलं की यायचं सांगितलं, आणि याबद्दल कुणाशी बोलू नका म्हणून बजावलं. तो माणूस कोण होता, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. बोलावणं अजून आलेलं नाही. पिंप्राळ्यात कुणी अनोळखी माणूस पत्ता विचारत आला की मी आधी गॅलरीतून पाहतो.

दाजींनी नवा फोन घेतला, कुठल्याच ग्रुपात नाहीत. गाडी सोडून चालत नाही, म्हणून अजून वर जातात. मागच्या महिन्यात वर ताफा निघाला आणि रस्ता बंद झाला. दाजी पुढे होते. मागून रावेरवाल्यांचा फोन आला, "भाऊ, पुढं कसं हाय? थांबू का येऊ?" त्यांच्यासोबत दाजींनी आयुष्यभर जेवण वाटून घेतलं आहे. दाजी समोरच्या हिरव्या गाड्यांकडे पाहत होते. "काही दिसत नई," असं सांगून त्यांनी फोन ठेवला. रावेरवाले निघाले, मधेच अडकले, आणि त्यांचा माल रस्त्यातच पिकला.

"ओळखीचा आवाज होता रे मास्तर," दाजी मला म्हणाले. "तरी सांगायची हिंमत झाली नई."