कॅलेंडरवरचा कोड

सेलूच्या कॅलेंडर छापणाऱ्याला मी फसवलं आणि चारचौघांत सांगितलं की त्यानंच मला फसवलं. नव्या कॅलेंडरच्या शाईचा वास आला की ते आठवतं. माझ्या कापडदुकानाचं कॅलेंडर होतं. कोपऱ्यातला कोड मोबाइलनं स्कॅन केला की नव्या साड्या दिसणार होत्या. भाव मी इतका पाडला की तो म्हणाला, "शेठ, एवढ्यात फुकटचाच कोड बसंल. महिन्यात बंद पडतो." मी म्हणालो, "पडू दे, छाप." ऐन लग्नसराईत एक शिक्षिका गुंडाळलेलं कॅलेंडर घेऊन आल्या. भरल्या दुकानात म्हणाल्या, "साड्या कुठायत? हितं तर काहीच उघडंना." मी तडक छापखाना गाठला आणि तिथं बसलेल्या चार दुकानदारांसमोर त्याला लबाड म्हणालो. तो हळूच म्हणाला, "तुमाला सांगितलं होतं की, शेठ." मी विचारलं, "कधी?" तो पुन्हा छपाईला लागला. पुढच्या वर्षी त्या चौघांनी कॅलेंडरं परभणीहून छापून आणली. भाव पाडल्याची मला आजही लाज वाटत नाही, त्या 'कधी?'ची वाटते. त्यानं एकदा त्याच चौघांसमोर मला जाब विचारावा, आणि मी तो द्यावा.