फेट्याचा मानकरी

ऐंशीच्या दशकात मी विद्यापीठात स्त्री-अभ्यास केंद्राची प्रमुख झाले, तेव्हा ढोकीजवळच्या आमच्या गावात सोसायटीनं माझा सत्कार ठेवला. दुष्काळात हाराला फुलं कुठली, म्हणून चेअरमननी फेटा आणवला होता. पण बाईच्या डोक्याला फेटा बांधायचा कसा, हे कुणालाच सुचेना. शेवटी "साहेब हायेत की," म्हणत त्यांनी तो माझ्या नवऱ्याला बांधला आणि माझ्या हातात नारळ दिला. मग मी स्त्री-पुरुष समानतेवर तासभर बोलले. लोकांनी माना डोलावल्या, ह्यांचा फेटाही डोलला.

घरी आलो. सासूबाईंनी फेटा पाहिला, लेकाला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि मला म्हणाल्या, "ओवाळायचं ताट आण की."

मी आणलं. ओवाळलंही मीच.