संडास पत्र्यापलीकडे

रत्नाअक्का मूळची शिरपूरकडची. नवरा गेल्यावर तिने आमच्या लहानशा शहरात खानावळ काढली. कापसाच्या जिनिंगवरचे मजूर तिच्याकडे शेवभाजी खायला यायचे. बोलणं तोंडावर, आणि हसली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं.

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतला भिकन आजारी निघाला. त्याला दवाखान्यात नेलं आणि पालिकेने गल्लीच्या दोन्ही टोकांना पत्रे ठोकले. सार्वजनिक नळ आणि संडास पलीकडे राहिले. शेजारच्या खातूनबींची सून खुशनुमा तर दिवस भरलेली.

अक्काने लाटणं उचललं आणि पत्रा बडवायला लागली. बघता बघता सगळ्या बायका आल्या. शेवटी वॉर्डाचे साहेब कुंदन सैंदाणे धावत आले.

"अक्का, आदेश आहे. आजार पसरू नये म्हणून."

"मग आजाराला अडवा ना! आम्हाला का कोंडता? आत येऊन बघा एकदा."

साहेब तरुण, मनाने भले. पत्र्याची तार सोडवून आत आले. अक्काने बाहेरच्या कामगाराला सांगितलं, "तार पक्की पिळ रे भाऊ, नियम सगळ्यांना सारखा!" त्याने पिळली आणि तो दुसऱ्या कामाला निघून गेला.

साहेब घरोघर फिरले. ऊन मरणाचं. अक्काने दिलेलं ताक त्यांनी गटागट प्यायलं, वर आणखी मागून घेतलं. थोड्या वेळाने चुळबुळ सुरू झाली.

"अक्का, इथं जवळपास..."

अक्का थेट अहिराणीवर आली. "संडास? शे ना, साहेब! पत्र्याना पल्याड."

गल्ली खो खो हसली. साहेब कानापर्यंत लाल. शेवटी गल्लीत एकट्या ज्यांच्या घरी संडास होता त्या जीवरामनानांनी त्यांना आपल्याकडे नेलं, पण आधी साबणाने हात धुवायला लावले. बाहेर आले तेव्हा साहेबही हसत होते. तिथूनच त्यांनी फोन लावला.

संध्याकाळपर्यंत पत्रे मागे सरकले, नळ आणि संडास आत आले. पत्र्याला दार झालं, दाराशी रिक्षा उभी राहिली. त्याच रिक्षाने खुशनुमा दवाखान्यात गेली. मुलगी झाली. पुढे साहेब कुठलीही गल्ली बंद करण्याआधी आत चक्कर मारू लागले.

भिकन बरा होऊन परतला तेव्हा लोक दारं लावून घेत होते. खानावळीच्या पायरीशी तो घुटमळला.

"अक्का, बसू का इथं?"

"मग काय उभ्याने जेवशील?" म्हणत अक्काने ताट वाढलं.