लाल पूड, काळी पूड

मी मराठी घेऊन बी. ए. झाले. नाशिक रोडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आठ वर्षं ग्रंथालयात काम केलं. मग रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले जुने सहाय्यक निवृत्त झाले आणि ती जागा मला सांभाळायला सांगितली. बाटल्या पुसायच्या, मागतील त्या काढून द्यायच्या, एवढंच काम, असं मला वाटलं होतं.

कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल आली होती. खालच्या दोन फळ्यांवरच्या बाटल्यांची लेबलं अर्धवट सुटली होती. बहुतेकांवर सूत्र तेवढं वाचता येत होतं, नाव गेलेलं. "ताई, तुमचं अक्षर छान आहे. नावं नव्या पद्धतीने लिहून टाका," रसायनशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण फार शिस्तीच्या. नवी पद्धत म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा तासाची घंटा झाली होती. दारातूनच त्या म्हणाल्या, "हे बघा, FeCl₂ म्हणजे आयर्न, कंसात रोमन दोन, क्लोराइड. FeCl₃ म्हणजे कंसात तीन. पूर्वी फेरस, फेरिक म्हणायचे, तेच."

मला वाटलं, समजलं. सूत्रातला बारीक आकडा उचलायचा आणि कंसात टाकायचा. आकडा नसेल तर एक. CuCl₂ला दोन टाकले. CuOला आकडाच नव्हता, म्हणून कॉपर एक ऑक्साइड. Cu₂Oवर दोन होता, म्हणून कॉपर दोन ऑक्साइड. Fe₂O₃ला दोन आकडे निघाले, तेव्हा जरा अडले, मग पहिला घेतला. FeSO₄ला चार. चार पाहून मनात पाल चुकचुकली, पण नियम म्हणजे नियम. दोन दिवस बसून काळ्या शाईने मी सगळी लेबलं लिहिली. प्राचार्य येऊन बघून गेले, म्हणाले, "वा! आता कपाट कपाटासारखं दिसतंय."

पुढच्या आठवड्यात अकरावीचं प्रात्यक्षिक होतं. कॉपर दोन ऑक्साइड विरल सल्फ्युरिक आम्लात गरम करून मोरचुदाचे खडे बनवायचे. मी लेबल वाचून बाटली दिली. थोड्या वेळाने पुढच्या टेबलावरच्या मुलीने हात वर केला.

"मॅडम, पुस्तकात काळी पूड म्हटलंय. ही तर विटेसारखी लाल आहे."

"माझ्या चंचुपात्रात तळाला लालच राहिलंय," दुसरी म्हणाली. "निळा रंग अगदी फिका आलाय."

मॅडमनी बाटली हातात घेतली. लेबलावरचं सूत्र वाचलं, मग नाव वाचलं, मग पुन्हा सूत्र. "ही नावं कोणी लिहिली?"

वर्गात सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. "मी," म्हटलं. "तुम्ही सांगितलं तशीच लिहिली." हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी सगळ्यांना बर्नर बंद करायला लावले, काळ्या पुडीची बाटली त्यांनीच शोधून काढली आणि प्रात्यक्षिक पहिल्यापासून सुरू केलं. मी नळापाशी उभी राहून तीच ती परीक्षानळी धूत राहिले. चूक झाली हे कळलं होतं, पण कुठे झाली ते काही केल्या कळत नव्हतं. आकडा तर समोर लिहिलेला होता!

मुली गेल्यावर मॅडम स्टूल ओढून बसल्या. "चूक माझीही आहे. घाईत सांगितलं," त्या म्हणाल्या. "कंसातला आकडा सूत्रातून उचलायचा नाही, ताई. तो धातूच्या एका कणावरचा भार. ऑक्सिजनचा दोन ऋण धरायचा. Cu₂Oमध्ये दोन तांबे मिळून ते दोन फेडतात. मग एकाचा किती?"

"एक."

"आणि CuOमध्ये?"

"एकटंच आहे. म्हणजे दोन?" मी म्हटलं, आणि माझी मीच चपापले. म्हणजे जिथे दोन दिसतो तिथे एक, आणि जिथे काहीच दिसत नाही तिथे दोन!

त्या Fe₂O₃कडे वळल्या. तीन ऑक्सिजनचे सहा, भागिले दोन लोखंड, तीन. मी लिहिले होते दोन. FeSO₄च्या बाटलीवरचा चार बघून त्यांना हसू आवरेना, मग मलाही आलं. "आणि ZnCl₂च्या झिंकला तुम्ही दोन लिहिलेत, ते बरोबर आहेत, पण लिहायचे नाहीत."

"बरोबर असताना का नाही?"

"तो नेहमी दोनच असतो, म्हणून."

मी सगळी लेबलं पुन्हा लिहिली. या वेळी प्रत्येक बाटलीला वहीत गणित मांडून. पोटॅशियम परमँगनेटला मँगनीजचे सात आले. एवढे सात असूच शकत नाहीत म्हणून तीनदा केलं. मॅडम म्हणाल्या, सात बरोबर आहेत, पण परमँगनेट म्हटलं की ते आलेच, म्हणून हेही लेबलावर येत नाहीत. मी पेन खाली ठेवलं.

त्या रविवारी पिंपळगावला भावाकडे गेले होते. तो द्राक्षबागेत फवारणीसाठी प्लॅस्टिकच्या पिंपात मोरचूद भिजवत होता. पिशवीवर कॉपर सल्फेट लिहिलेलं, कंस नाही, काही नाही. मी त्याला विचारलं, "यावर दोन का नाही लिहिलेले?"

"कसले दोन? निळं हाय, बागेला चालतं. काय बी इचारते तू," तो म्हणाला आणि काठीने ढवळत राहिला.

मी बांधावर बसून बोटाने हिशेब केला. सल्फेटचे दोन, म्हणून तांब्याचे दोन. खात्री वाटेना, म्हणून मॅडमना फोन लावला.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "दुकानात जुनंच नाव चालतं. पण सल्फेटचे दोन कुठून आणले?"

"पाठ केले."

"आम्हीही आधी पाठच केले होते. कारण सांगते उद्या, पण कागद लागेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन कागद भरून सांगितलं. त्यातला पहिला मला कळला.