फांदी एक

माझा भाचा हल्ली शनिवार-रविवार मोटारीच्या टपावर सायकल बांधून अकोले तालुक्यात जातो. डोक्यावर टोपरं, डोळ्यांवर काळा चष्मा आणि अंगाला चिकटलेली चड्डी. परवा मला म्हणाला, "मावशी, अभयारण्यातून खाली धरणाच्या पाण्याकडे एक रस्ता उतरतो. इतका शांत, की बस्स!"

मी म्हटलं, "बाबा रे, त्या रस्त्यावरून मी रोज सकाळी बोंब मारत उतरायचे. माझी बदली झाल्यावर शांत झाला असेल."

तेव्हा त्याला अभयारण्य कुणी म्हणत नव्हतं, राखीव जंगल म्हणायचे. एकाहत्तर सालची गोष्ट. मी बाविशीची, नगरच्या सपाट रस्त्यांवर सायकल शिकलेली, आणि पहिलीच नेमणूक त्या खोऱ्याच्या तळाशी, एकशिक्षकी शाळेवर. राहायला खोली मिळाली ती वरच्या बाजारगावात. म्हणजे सकाळी दोन मैल घाट उतरायचा, तळाला जंगलखात्याचा नाका, आणि तिथून पाण्याच्या काठाकाठाने तीन मैल गेलं की शाळा. संध्याकाळी तेच उलटं, घाटात सायकल ढकलत. माझे वडील मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांनी माझी लेडीज सायकल एस.टी.च्या टपावर टाकून पाठवली. हँडलला चिठ्ठी बांधली होती, ‘रोज वेळेवर जाणे.’ पुढे मागे एक अक्षर नाही.

नेमणूक तात्पुरती होती. वर्षाअखेरीस तपासणीचे साहेब येणार, शेरा मारणार, मग ऑर्डर कायम. शेरा वाईट पडला तर मी नगरला परत. आणि नगरला आत्याने माझ्यासाठी एक स्थळ हेरून ठेवलं होतं. मुलगा चांगला होता म्हणतात. असेल बापडा. मला ती शाळा हवी होती. बावीस पोरं होती, पाटीवर थुंकी लावून पुसणारी, आणि मी दिसले की पाण्याच्या काठाने अर्धा मैल सायकलमागे पळत येणारी. त्यांच्यावर माझा जीव जडला होता, उगाच आढेवेढे कशाला घेऊ.

पहिल्या दिवशी घाट उतरताना दोन्ही ब्रेक करकचून दाबले. तिसऱ्या वळणापर्यंत ब्रेकच्या रबरांना जळका वास सुटला, चौथ्या वळणाला ब्रेक लागायचेच बंद झाले, आणि पाचव्या वळणाला मी, सायकल आणि माझा डबा असे तिघे तीन करवंदीच्या जाळ्यांत. समोरून हिरड्याची पाटी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी चढत होती. तिने पाटी खाली न ठेवता माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"अगं बये, मागं फांदी न्हाई बांधली व्हय?"

त्या घाटाची ती रीतच होती. दूधवाला असो, पोस्टमन असो, घाटमाथ्यावर पडलेली चांगली झाडोऱ्याची फांदी शोधायची, सुंभाने कॅरिअरला बांधायची आणि रस्त्यावर खरखर फरफटत उतरायचं. फांदी मागून ओढ धरते, सायकल शहाण्यासारखी चालते. खाली पोचलं की फांदी सोडून द्यायची. मी दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. मागे धुळीचा लोट, पुढे माझी बोंब. बोंब कशाला म्हणाल, तर घंटी त्या करवंदीतच राहिली होती.

पण खाली नाका होता, आणि नाक्यावर गार्ड होता.

पन्नाशीचा, मिशाळ, खाकी कपड्यांतला एकटा माणूस. आडवा बांबू धरून उभा. "थांबा! लाकूड कुठं चालवलं?"

"हे लाकूड नाही मामा, ब्रेक आहे."

"डोईवर मोळी न्यायाला मुभा हाय. वाहनावर लाकूड न्यायाची न्हाई. सायकल हे वाहन हाय का न्हाई? तुमी मास्तरीनबाई, तुमीच सांगा."

वाहन तर आहेच, कप्पाळ! त्याने फांदी सोडून घेतली, नाक्याशेजारच्या ढिगावर फेकली, आणि आत जाऊन एक जाडजूड रजिस्टर उघडलं. खात्याच्या घड्याळाकडे बघितलं आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "सात वाजून चाळीस. शाळेच्या बाई. सायकल. फांदी एक. जप्त." मग बांबू वर.

हे रोज. रोज फांदी, रोज भांडण, रोज जप्ती. आणि थंडी पडल्यावर एका सकाळी माझ्या लक्षात आलं की नाक्यामागे बंब धडधडून पेटलाय, धूर काढतोय, आणि हे गृहस्थ पंचा गुंडाळून कढत पाण्याने आंघोळ करून आलेत. मला गार पाण्याने आंघोळ करून हुडहुडी भरलेली. माझ्या टाळक्यात तिडीक गेली.

"मामा, माझे ब्रेक जाळता तुम्ही!"

"सरकारजमा हाय ते," तो मिशा पुसत म्हणाला. "सरकारच जाळतंय."

मी त्याला काय काय बोलले ते आता लिहीत नाही. ‘ऐतखाऊ’ हा त्यातला सौम्य शब्द. तो लिहीत राहिला. फांदी एक. जप्त.

मार्चमध्ये साहेब वरच्या गावात मुक्कामाला आले. दुपारी मला बोलावून घेतलं, हजेरीपत्रक समोर ठेवलं. एकशिक्षकी शाळा, त्यामुळे हजेरीवर सही करणारी मीच आणि शिक्का मारणारीही मीच.

"बाई, वर्षभरात एकही खाडा नाही?"

मी अभिमानाने नाही म्हटलं.

"तुमच्या आधीचा धडधाकट पुरुष माणूस आठवड्यातून तीन दिवस पोचत होता. त्याने तसं लिहून तरी दिलं होतं. तुम्ही रोज कशा पोचता? उडत?"

मी सांगितलं, सायकलने. ते हसले. पालकांना विचारा म्हटलं, तर म्हणाले गावकरी बाईंच्याच बाजूने बोलणार. "सरकारी कागदावर काही पुरावा असेल तर उद्या सकाळी दाखवा. नसेल तर खोटी हजेरी म्हणून शेरा मारावा लागेल."

सरकारी कागद! मी तिथून निघाले ती पळतच घाट उतरले, सायकलही घेतली नाही. ऊन कलायला नाक्यावर पोचले. गार्ड ओसरीत कंदिलाची काच पुसत होता. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मामा, तुमच्या रजिस्टरात माझी रोजची वेळ आहे, उद्या तेवढं साहेबांना दाखवा.

त्याचा चेहरा उतरला.

"न्हाई जमायचं, बाई."

"का?"

"येळंफुडं फांदी लिवलीय. रोज एक. राखीव जंगलातली. तुमच्यावर केस हुईल. आन् जप्त केल्याल्या निम्म्या फांद्या कुठं गेल्या म्हनून मला इचारलं, तर बंब दाखवू का? माझी तीन वर्सं राह्यलीत पेन्शनीला."

मी चिडले, रडले, पुन्हा चिडले. मग ओट्यावर बसले. त्याचं खरं होतं. माझी नोकरी वाचवायची तर त्याची घालवायची. वर्षभर ज्याला ऐतखाऊ म्हटलं त्याच्याकडे हे कुठल्या तोंडाने मागायचं? "राहू द्या मामा," म्हटलं आणि घाट चढले. वाटेत प्रत्येक वळणाला आत्याचं स्थळ आठवत होतं.

सकाळी मी नेहमीसारखी फांदी बांधून उतरले. म्हटलं, शेवटची तर शेवटची. शाळा तपासायला निघालेली साहेबांची जीप माझ्या आधी नाक्यावर उभी. आणि साहेबांसमोर गार्ड उभा, कडक इस्त्रीच्या कपड्यांत, दोन्ही हातांवर रजिस्टर घेऊन.

"ह्ये घ्या, साहेब. अकरा वर्सं लिवतोय. आजवर कुनी उघडून बघितलं न्हाई. यात खोटं एक बी न्हाई."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साहेब वाचू लागले. "सात चाळीस, बाई, सायकल, फांदी एक. सात बेचाळीस, बाई, सायकल, फांदी एक." पान उलटलं. "सात एकोणचाळीस..." श्रावणातलं पान, दिवाळीनंतरचं पान, सगळीकडे तेच. शेवटी चष्म्यावरून बघत म्हणाले, "वेळ समजली. ही फांदी काय भानगड आहे?"

"ब्रेक हाय, साहेब."

"सायकलला फांदीचा ब्रेक? मला शिकवता? पुण्याला कॉलेजात मी चार वर्षं सायकल हाणलीय." आणि मला म्हणाले, "आणा ती सायकल इकडे. सोडा फांदी."

साहेब पुढे, सायकल ढकलत मी मागे, असे आम्ही शेवटच्या वळणाच्या वर गेलो. माझ्या ब्रेकचे रबर कधीच झिजून गेले होते. साहेबांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. साहेब बसले, पायडल मारलं, आणि पहिले दहा हात अगदी ऐटीत गेले. मग त्यांनी ब्रेक दाबला. मग दुसरा दाबला. मग, "अहो! अहो! अहो बाई!" करत ते वळणापलीकडे दिसेनासे झाले.

मी पळत खाली आले. गार्डने प्रसंगावधान राखून बांबू वर केला होता, पण साहेब रस्ता सोडून थेट जप्तीच्या ढिगात घुसले होते. कमरेपर्यंत आत. चष्मा एका डहाळीला लोंबकळत होता. सुदैवाने खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. कुणी हसलं नाही. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

ढिगातूनच साहेब म्हणाले, "हं. लागते फांदी."

कपडे झटकून त्यांनी जीपच्या बॉनेटवर हजेरीपत्रक ठेवलं आणि लिहिलं, ‘नाक्यावरील नोंदी पाहिल्या. हजेरी खरी आहे.’ फांदीचा उल्लेख नाही. गार्ड हात जोडून पुढे झाला. "साहेब, आमच्या वरच्यांना कळवनार का?"

"काय कळवू? तुमच्या जळणात जाऊन बसलो होतो म्हणून?" असं म्हणून साहेब जीपमध्ये बसले.

ऑर्डर जूनमध्ये कायम झाली. पण मला खरी पावती दुसऱ्याच दिवशी सकाळी मिळाली. मी फांदी फरफटत उतरले, नाक्यावर थांबले, आणि वर्षभरात पहिल्यांदा न भांडता स्वतःच सुंभ सोडला. गार्ड रजिस्टर उघडून बसला होता. मी वाकून बघितलं. माझ्या आजच्या नोंदीच्या वर, त्याच ठसठशीत अक्षरात, कालची शेवटची ओळ होती. ‘आठ वाजून पंधरा. साहेब. सायकल. फांदी नाही.’

त्याने माझी ओळ लिहून संपवली, टाक ठेवला आणि हात पुढे केला.

"द्या हिकडं, बाई. आन् उद्या वाईच जाड आना. ढीग पार मोडलाय."