ट्रेलरच्या पोटाखाली टाचणीकाकू

टाचणीकाकूंना हे नाव कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही. चाळीस वर्षं त्यांनी शिवणाचं दुकान चालवलं, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या. टाचण्या तोंडात धरूनही त्या गिऱ्हाइकाशी अखंड बोलत, आणि गंमत म्हणजे गिऱ्हाइकाला सगळं कळे. अंगाने काडी, उंची जेमतेम, पाठीवर कमरेपर्यंत वेणी. नवरा बसचा ड्रायव्हर. तो चांगला ऐसपैस आणि मितभाषी. निवृत्त झाला त्याच आठवड्यात त्याने जाहीर केलं, "लोकांना त्यांच्या ठिकाणी खूप पोचवलं. आता मला वाटेल तिथे मी जाणार."

आणि खरोखरच त्याने एक जुना ट्रेलर विकत घेतला. गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. पुढे पलंग, मधे ओटा आणि दोन माणसांचं टेबल, मागे न्हाणीघर. न्हाणीघर इतकं लहान, की आत गेल्यावर वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागे.

मुलाने कपाळाला हात लावला. "आई, बाबांचं एक वेळ ठीक आहे, पण तूसुद्धा?" सूनबाईंनी तर घरातली मागची खोली रंगवून तयार ठेवली. शेवटी काकूंनीच तोड काढली. "एक हिवाळा काढून बघतो. नाही जमलं तर मुकाट्याने येतो."

उन्हाळा झकास गेला. हिवाळ्यात दोघांनी एका तळ्याकाठच्या मैदानावर मुक्काम टाकला. तिथे आणखी दहा-बारा ट्रेलर उभे होते. आणि मग थंडी आली. हीटर दिवसभर चालू असायचा, डोकं तापायचं, पण जमीन बर्फासारखी. काकू सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आणि "आई गं!" म्हणून पुन्हा वर घ्यायच्या. ड्रायव्हरसाहेब तीन-तीन मोजे चढवून बसायचे. एका सकाळी नळ सोडला तर पाणीच नाही. ट्रेलरच्या जमिनीखालचा पाइप गोठला होता.

नवरा पायरीवर बसला. "झालं म्हणायचं आपलं फिरणं."

"झालं कसं? गार येतंय कुठून?"

"खालून."

"मग खाली जाऊन बघू की."

आधी नवऱ्यानेच प्रयत्न केला. डोकं गेलं, एक खांदा गेला, मग पोटाने साफ नकार दिला. तो कपडे झटकत उठला, काकूंकडे पाहिलं आणि काय होणार ते त्याच्या लक्षात आलं. पण त्याने त्यांना लगेच खाली जाऊ दिलं नाही. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले, चार कोपऱ्यांखाली टेकूचे लोखंडी घोडे बसवले, ट्रेलरला स्वतः खांदा लावून हलवून बघितलं. "तीस वर्षांत एका प्रवाशाला ओरखडा येऊ दिला नाही," तो म्हणाला, "बायकोपासून सुरुवात करायची नाही."

काकूंनी त्याची जुनी गणवेशाची पँट दोरीने कमरेला बांधली, चष्म्यावर धुळीचा चष्मा चढवला, तोंडाला फडकं बांधलं आणि पाठीवर सरपटत आत गेल्या. ट्रेलरच्या पोटाला काळ्या प्लास्टिकचा पडदा होता, तो जागोजागी फाटून लोंबत होता. त्यांनी सुरीने तो उभा चिरला, तसे थंडी अडवायला भरलेल्या काचलोकरीचे ओले लगदे बदाबदा खाली आले. त्यांच्या मधोमध उंदरांनी प्रशस्त संसार थाटलेला.

"अहो! तुमचा निळा मोजा सापडला!"

"दोन्ही?"

"एकच. दुसरा बहुतेक धुवायला टाकलाय त्यांनी."

सगळं साफ करायला अख्खा दिवस गेला. उंदरांचा संसार पोत्यात, लोकर आणखी सात पोत्यांत. दुसऱ्या दिवशी मापं. लोखंडी सांगाड्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांमुळे खाली बावीस चौकोन झाले होते, आणि त्यांतले दोनसुद्धा सारखे नव्हते. "ज्याने हा शिवला तो डोळे मिटून शिवत होता," काकू खालून म्हणाल्या. मग त्यांनी खाकी कागद मागवला. प्रत्येक चौकोनाचा कागद बेतला, आकडा घातला, आणि ब्लाउजच्या पाठी-बाह्या लावाव्यात तसे ते ओळीने दगडाखाली ठेवले.

फोमचे कडक तक्ते घ्यायला दोघं दुकानात गेले. दुकानदाराने न विचारता सल्ला दिला, "तक्ते जमिनीला खालून घट्ट चिकटवून टाका, बाई. सोपं काम आहे."

"आणि पाण्याचा पाइप?"

"तो राहील की तक्त्याच्या खाली."

"म्हणजे रजई घ्यायची आणि पाय बाहेर ठेवून झोपायचं," काकू म्हणाल्या. "त्यापेक्षा पाइपही रजईत घेते." दुकानदार तक्ते मोजायला लागला.

काकूंनी तसंच केलं. पाइपच्या खालून तक्ता बसवायचा, म्हणजे खोलीतली ऊब पाइपपर्यंत पोचते आणि बाहेरची थंडी बाहेर राहते. नवरा वर ओट्यावर कागद ठेवून तक्ता कापायचा, खाली सरकवायचा. काकू तो चौकोनात दाबून बसवायच्या. उरलेल्या फटींत डब्यातला फेस मारायचा. हा फेस पिचकारीसारखा बाहेर पडतो, बघता बघता चौपट फुगतो आणि वाळला की दगड होतो. कामाच्या तिसऱ्या दिवशी, अठरावा चौकोन भरता भरता काकूंची वेणी कॉलरमधून निसटली. त्यांना कळलंच नाही. कळलं ते पुढे सरकायला गेल्या तेव्हा. वेणी लोखंडी पट्टीच्या वळचणीत, फेसात पक्की रुतून बसली होती.

"अहो!" या वेळचं अहो वेगळं होतं. "कात्री आणा!"

तो शिवणाच्या डब्यातली कात्री घेऊन धावला. खालून किंचाळी आली, "ती नको! ती कापडाची आहे!" ओट्यावरची कात्री आणली, ती आत सरकवली, पण काकूंचा हात मागे पोचेना. दोनदा केस ओढले गेले, एकही तुटला नाही. शेवटी खालून हळू आवाजात आलं, "बरं, आणा ती कापडाचीच. आणि तुम्हीच या."

ज्या बाजूला जमीन थोडी उताराची होती तिकडून ड्रायव्हरसाहेब श्वास रोखून आत शिरले. कसेबसे बायकोच्या शेजारी येऊन आडवे झाले. हातात ती कात्री, संसारात पहिल्यांदाच. त्यांनी बॅटरी वर मारली आणि तशीच धरून राहिले. तक्ते सांगाड्यात असे बसले होते की नखही जाऊ नये. जोडांवरची चंदेरी पट्टी एका रेषेत, कुठे सुरकुती नाही.

त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी मुलाला फोन केलाय. रविवारी छोटा टेम्पो घेऊन ये म्हणून. सामान न्यायला."

"कधी केलात?"

"पाइप गोठला त्या दिवशी."

"आणि तीन दिवस मला इथे लोळू दिलंत?"

"तुझे पाय निळे पडले होते गं. मला बघवेना. आणि तू अशी कंबर कसून लागलीस, की सांगायचा धीर होईना."

काकू वरच्या तक्त्याकडे बघत राहिल्या. "मला काय, मी त्या मागच्या खोलीतही राहिले असते. शिवण केलं असतं, सूनबाईंशी गप्पा मारल्या असत्या. तुम्ही मात्र खिडकीत बसून रस्त्यावरच्या बस मोजल्या असत्या. ते मला बघवलं नसतं. म्हणून लोळतेय."

तिथे मान वळवायला जागा नव्हती, पण काकूंना त्याच्या नाक ओढण्याचा आवाज आला.

"आता कापा," त्या म्हणाल्या. "आणि सरळ कापा."

त्याने वाकडीच कापली. काकू सुर्रकन बाहेर आल्या, ड्रायव्हरसाहेब अडकले. शेजारच्या ट्रेलरमधल्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंना बोलावून, दोघींनी एकेक पाय धरून त्यांना ओढून काढलं. त्या वेळी तिघं इतके हसले, की मैदानावरचे बाकीचे लोक बघायला आले.

शनिवारी शेवटचे चार चौकोन भरले, खालून नवा काळा पत्रा स्क्रूने बसवला. पाणी सोडायच्या तोटीजवळ काकूंनी ताडपत्रीचं झाकण शिवून लावलं, चिकटपट्टीने उघडमीट होणारं. त्या रात्री मोसमातली सगळ्यांत कडाक्याची थंडी पडली. रविवारी सकाळी नवऱ्याने नळ सोडला. पाणी धो धो वाहायला लागलं. सोडलेला नळ तो बराच वेळ बंदच करेना.

दुपारी मुलगा टेम्पो घेऊन हजर. आईचे आखूड केस बघून आधी दारातच थबकला. हकिकत ऐकली, बूट-मोजे काढले, खुर्च्या दोनच म्हणून जमिनीवर बसला. जेवला. मग "जरा पाठ टेकतो" म्हणून तिथेच जमिनीवर आडवा झाला आणि दोन तास घोरला. उठल्यावर सामानाचं नावही काढलं नाही.

"टेम्पो रिकामाच न्यायचा का मग?" त्याने विचारलं.

"रिकामा कशाला?" बाबा म्हणाले. "ती आठ पोती आहेत ना कचऱ्याची."

पोस्टमास्तरीणबाई दुसऱ्याच दिवशी येऊन दारात उभ्या राहिल्या. त्यांचीही जमीन गार पडत होती. हिवाळा सरेपर्यंत काकूंनी पाच ट्रेलर खालून शिवून दिले. शिवून हा त्यांचाच शब्द. प्रत्येक ठिकाणी ड्रायव्हरसाहेब आदल्या दिवशी फावडं घेऊन जात आणि आत शिरायला आपल्या मापाचा एक चर खणून ठेवत. दोघं शेजारी शेजारी पडून काम करत. बोलणं अर्थात एकाच बाजूने चालायचं.