सगळ्यात मोठी वजावट

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. कारण या प्रकरणात नुसती माझी अब्रू नाही गेली, मामाची गाडीही चेपली!

मी डोंबिवलीत अकरावी-बारावीच्या मुलांना अकाउंट्स शिकवते. त्यामुळे पैशाचं काही निघालं की नातेवाईक माझा सल्ला घेतात. नाही घेतला तर मीच देते.

मामा राहतो कोपरीला. जन्मभर रिक्षाने फिरला आणि रिटायर झाल्यावर हौसेने गाडी घेतली. वर्ष सरलं, विम्याचा नवा हप्ता आला आणि मामाचा फोन आला. "अगं, गाडी जुनी झाली, तरी हप्ता एवढा कसा?"

"तू शांत बस. एजंटशी मी बोलते."

एजंट सावंत म्हणजे अतिशय सज्जन माणूस. म्हणाले, "मॅडम, वर्षभर क्लेम नाही केला त्याची सूट दिलीय. आणखी कमी हवं असेल तर व्हॉलंटरी डिडक्टिबल घेता येईल. पण ते म्हणजे काय, ते आधी..."

"डिडक्टिबल म्हणजे वजावट! सावंत, मी अकाउंट्स शिकवते."

"हो, पण मॅडम, यात ती..."

"सगळ्यात मोठी वजावट कितीची आहे?"

"पंधरा हजारांची. पण..."

"टाका!"

हप्ता खरंच कमी झाला हो! फार नाही, पण झाला. मामा खूश. आणि मी? मी तर हवेत! लगेच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'गाडीच्या विम्यात सगळ्यात मोठी वजावट मागून घ्या. एजंट ऐकवत बसतील, ऐकू नका!' अंगठ्यांची नुसती रांग लागली. दोघांनी तर त्याच दिवशी करूनही टाकलं.

पुढे मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याला तपासणीला न्यायचं म्हणून मी कोपरीला गेलेले. गल्लीतून गाडी मागे घेत होते, तर आतून टुंईं टुंईं सुरू झालं.

मी म्हटलं, "मामा, बेल्ट लाव."

"लावलाय गं."

टुंईं टुंईं वाढलं.

"नीट लाव!"

धाड! मागे विजेचा खांब. तो जागचा हलला नाही. गाडीचा मागचा बंपर मात्र हातात आला.

मामा एका डोळ्याने बंपरकडे बघत होता. मीच धीर दिला, "अरे, विमा कशाला असतो? एक पैसा जाणार नाही तुझा."

गॅरेजवाल्याने खर्च सांगितला, साधारण बारा हजार. मी ऐटीत सावंतांना फोन लावला, तोही स्पीकरवर. मामाला ऐकू जायला नको का?

"सावंत, बारा हजारांचा क्लेम आहे. कंपनी किती देईल?"

"काहीच नाही, मॅडम."

"काहीच नाही म्हणजे?"

"पंधरा हजारांपर्यंतचा खर्च आपण आपल्या खिशातून करू, असं लिहून दिलंय ना आपण. म्हणून तर हप्ता कमी झाला. मी तेव्हा तेच सांगत होतो..."

गॅरेजवाल्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

घाईघाईने ग्रुपवरचा मेसेज डिलीट करायला गेले, तर मुदत टळून गेलेली. आता तिथे अंगठ्यांखाली एक नवा प्रश्न आलेला, 'ताई, बाइकलाही असंच करू का?'

बिल मीच भरलं. मामा नको नको म्हणत होता, पण फार जोरात नाही.

परवा कोपरीला गेले, तर मामा टेबलाशी बसून मेडिक्लेमचे कागद वाचत होता. माझ्यातली शिक्षिका काही गप्प बसेना. म्हटलं, "मामा, मदत करू?"

मामाने चष्मा वर केला. शांतपणे म्हणाला, "कर ना गं. आत मामी मेथी निवडतेय."